दाण्यातल्या पाण्याचा हिशेब



ऑक्टोबर लागला की कळंब-वाशीपासून उमरग्यापर्यंत आपल्या धाराशिव जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या तोंडी सोयाबीन असतं. बनीम नीट झाकली का, मळणी यंत्र मिळालं का, आणि आडतीवर माल नेला तेव्हा हवा किती निघाली! दाण्यातल्या ओलाव्याला आपल्याकडे हवा म्हणतात आणि भाव पुष्कळसा तिच्यावरच ठरतो. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४च्या खरिपात केंद्र सरकारने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली होती. तीन टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहा. १५ टक्के ओलाव्याचं १०० किलो सोयाबीन वाळवून १२ टक्क्यांवर आणलं, तर साधारण ९६ किलो ६०० ग्रॅम उरतं. क्विंटलमागे जवळजवळ साडेतीन किलो पाणी गेलं. म्हणून हे पाणी कोणी मोजलं आणि कसं मोजलं, हा शेतकऱ्याच्या हक्काचा प्रश्न आहे.

बाजारातलं मॉइश्चर मीटर दाण्यातलं पाणी बाहेर काढून तोलत नाही. ते दाण्याचा विद्युत गुणधर्म पाहतं आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज देतं. तो अंदाज बरोबर आहे की नाही, हे ज्याच्याशी ताडून पाहायचं ते साधन म्हणजे प्रयोगशाळेतलं हॉट एअर ओव्हन. आत तापणारी तार, हवा फिरवणारा पंखा, जाळीचे कप्पे आणि तापमान राखणारा नियंत्रक, एवढाच त्याचा संसार. माती परीक्षण, बियाणे तपासणी, कृषी महाविद्यालयं, रुग्णालयांच्या प्रयोगशाळा, सगळीकडे ते असतं. आता शेतकरी उत्पादक कंपन्याही अशी छोटी प्रयोगशाळा उभारू शकतात. ही पेटी साधी दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. माझं आज एकच सांगणं आहे. ओव्हन नीट बसवणं, सांभाळून चालवणं आणि खरा आकडा देणं ही तीन वेगळी कामं नाहीत. एकात ढिलाई झाली की उरलेली दोन्ही बिघडतात.

सुरुवात जागेपासून करू. ओव्हन भक्कम, सपाट आणि न जळणाऱ्या पृष्ठभागाच्या ओट्यावर ठेवावं. पाणसळ लावून ते समतल आहे ना, हे पाहावं. मागे आणि दोन्ही बाजूंना साधारण वीतभर जागा मोकळी सोडावी; माहितीपुस्तिकेत जास्त अंतर दिलं असेल तर तेच पाळावं. नळाजवळ, पावसाची झड येणाऱ्या खिडकीशी किंवा एसीच्या झोतात ते नको. वरच्या फळीवर आम्लाच्या बाटल्या तर मुळीच नकोत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप उमरगा-लोहारा भागाने सोसला आहे. आपल्या जिल्ह्यात जड आणि तापणारं यंत्र हलणार नाही असं बसवणं ही अगदी प्राथमिक काळजी आहे.

मग वीज. २ किलोवॅटचं ओव्हन २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह घेतं. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, योग्य जाडीची तार आणि स्वतंत्र एमसीबी हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर ते कधीही चालवू नये, कारण तार तापते, प्लग वितळतो आणि आग लागते. ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच आणि चांगलं अर्थिंग असायलाच हवं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. तेव्हा त्यात नेमाने पाणी घालावं आणि वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावं. दाब कमी असेल तर काय होतं, हेही ध्यानात घ्या. २३०च्या जागी १९० व्होल्ट मिळाले की तापणाऱ्या तारेची शक्ती दोनतृतीयांशाच्या आसपास उतरते. ओव्हन तापायला वेळ घेतं, आणि घाईत असलेला माणूस तापमान पुरतं चढण्याआधीच वेळ मोजायला लागतो.

नवं ओव्हन आधी रिकामं चालवावं. आतल्या तेलाचा आणि उष्णतारोधक थराचा वास आणि थोडा धूर निघतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नंतर प्रमाणित तापमापकाने मधला भाग आणि चारही कोपरे तपासावेत. पडद्यावर १०५ दिसतं ते संवेदक बसवलेल्या जागेचं तापमान असतं; खालच्या कप्प्याच्या कोपऱ्यात ते वेगळं असू शकतं. जादा तापमान झाल्यावर वीज तोडणारं सुरक्षा थर्मोस्टॅट असेल, तर ते कामाच्या तापमानापेक्षा थोडंच वर लावून ठेवावं. मुख्य नियंत्रक अडकला तर पुढचा अनर्थ तेच टाळतं.

जुन्या ओव्हनबद्दल दोन सूचना. वरच्या भोकात पाऱ्याचा तापमापक खोचलेला असेल तर तो बदला. तो गरम ओव्हनमध्ये फुटला तर पाऱ्याची विषारी वाफ खोलीभर पसरते. तसं झालंच तर वीज बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. केरसुणीने पारा झाडू नका. दाराभोवतीची जुनी दोरीसारखी पट्टी अॅस्बेस्टॉसची असू शकते. ती खरवडू नका, तिची धूळ फुप्फुसाला घातक असते.

आता प्रत्यक्ष काम. बियाणे तपासणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत सोयाबीनसारखा तेलकट दाणा भरडून १०३ अंश सेल्सिअसला साधारण १७ तास ठेवतात. ज्वारीसारख्या तृणधान्याचं पीठ १३० अंशाला दोन तासांत वाळतं. मातीतला ओलावा काढायला १०५ ते ११० अंश आणि साधारण २४ तास लागतात. एक भेद मात्र पक्का लक्षात ठेवा. धान्याचा ओलावा ओल्या वजनावर काढतात, मातीचा कोरड्या वजनावर. दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिहिले की घोटाळा होतो. आणि खतांच्या शिफारशीसाठी आणलेला मातीचा नमुना ओव्हनमध्ये घालू नका, सावलीतच वाळवा. उष्णतेने त्यातल्या पालाशासारख्या अन्नद्रव्यांची उपलब्धता बदलते आणि शेतकऱ्याच्या हाती चुकीची खतमात्रा जाते.

नमुन्यांच्या डब्या कप्प्यावर खेटून लावू नयेत. कप्प्यावर फॉइल किंवा कागद अंथरू नये, कारण जाळी झाकली की हवा फिरत नाही. पाण्याची वाफ बाहेर पडायला वरचं छिद्र उघडं ठेवावं. निम्मा वेळ झालेला असताना नवा ओला नमुना आत सरकवू नये, वाळत आलेले नमुने त्याची वाफ पुन्हा शोषून घेतात. मध्येच वीज गेली तर गेल्याची आणि आल्याची वेळ वहीत लिहावी. टायमर परत शून्यापासून सुरू झाला की नाही, हेही पाहावं.

डबी बाहेर काढली की झाकण लावून सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये थंड होऊ द्यावी. गरम डबी थेट तराजूवर ठेवली तर तिच्याभोवतीची हवा वर सरकते आणि वजन कमी दिसतं. वजन कमी म्हणजे पाणी जास्त उडालं, म्हणजे ओलावा जास्त! प्रयोगशाळेत वाचवलेल्या त्या काही मिनिटांची किंमत शेतकरी कट्ट्यामागे मोजतो. उलट, नमुना पुरता वाळला नाही तर ओलावा कमी दिसतो, आणि तो आकडा खरा मानून कोठारात भरलेल्या मालाला बुरशी लागते.

आता सगळ्यात मोठा धोका. सोयाबीनमधलं तेल काढायला प्रयोगशाळेत हेक्झेन वापरतात. ते साधारण ६९ अंशाला उकळतं आणि हवेत त्याची वाफ जेमतेम सव्वा टक्का झाली तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. गणित केलं तर १०० लिटरच्या गरम ओव्हनमध्ये एक चहाचा चमचाभर हेक्झेनसुद्धा तेवढी वाफ द्यायला पुरेसं आहे. ठिणगी आणि तापलेली तार तर ओव्हनच्या आतच असते. म्हणून हेक्झेन, पेट्रोलियम ईथर, अॅसिटोन किंवा स्पिरिटने ओली झालेली कोणतीही वस्तू साध्या ओव्हनमध्ये जाता कामा नये. अॅसिटोनने विसळलेली काचेची भांडीही आधी धूरकपाटात (फ्यूम हूडमध्ये) पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. नुसता वास येत असला तरी ती आत जायला तयार नाहीत. आग लागलीच तर दार उघडू नका. मुख्य वीज तोडा आणि दार बंदच राहू द्या. उघडलं की आगीला हवा मिळते.

प्लास्टिकचंही तसंच. पॉलिथीनची पिशवी १०५ अंशाला टिकत नाही, पॉलिप्रॉपिलीनही १६० अंशाच्या सुमारास वितळतं. काचेचं सामान १६० अंशाला दोन तास ठेवून निर्जंतुक करताना त्यात प्लास्टिकची टोपी राहून जाऊ देऊ नका.

काम करणाऱ्यांनी उष्णतारोधक हातमोजे घालावेत आणि ते कोरडे असावेत; ओल्या हातमोज्यात वाफ होऊन हात भाजतो. ओढणी, पदर, मोकळे केस आवरून घ्यावेत. दार उघडताना चेहरा बाजूला ठेवावा. भाजलं तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरावं. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये आणि डॉक्टरांकडे जावं. त्याच ओव्हनमध्ये जेवणाचा डबा गरम करण्याची सवय कुठे असेल तर ती आजच थांबवा, कारण त्या कप्प्यांवर कोणकोणती रसायनं सांडून गेली हे कोणालाच ठाऊक नसतं.

तरुण प्रयोगशाळा सहायकांना आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना माझं मनापासून सांगणं आहे. ओव्हनशेजारी एक वही दोरीने बांधून ठेवा. नमुना कोणाचा, आत केव्हा गेला, तापमान किती, बाहेर केव्हा काढला, वजन किती भरलं, सही कोणाची, सगळं त्यात लिहा. आणि शेतकरी मित्रांनो, तुमच्या मालाचा आकडा जिथून आला, तिथे ही वही पाहायला मागा. मीटर शेवटचं कधी ओव्हनशी ताडून पाहिलं, तेही विचारा. असा प्रश्न विचारण्यात कोणाचा अपमान नाही. नीट काम करणाऱ्याला तो आवडेलच. हंगामाची गर्दी सुरू होण्याआधी प्रत्येक प्रयोगशाळेने अर्थिंग, तापमापक आणि तराजू या तीन गोष्टी तपासून घेतल्या, तर यंदाच्या सोयाबीनचा आकडा शेतकरी आणि व्यापारी दोघांनाही विश्वासाने स्वीकारता येईल.