लुईझचा एक तास
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अभ्यासवर्गात कथा कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. केट शोपँ या अमेरिकन लेखिकेची ही कथा जेमतेम तीन पानांची आहे. ती १८९४ साली प्रसिद्ध झाली. आज ती ‘एका तासाची गोष्ट’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते.

मिसेस मॅलर्डचे हृदय दुबळे. रेल्वे अपघातात पती ब्रेंटली दगावल्याची बातमी तिला जपून सांगितली जाते. बातमी आणणाऱ्या स्नेह्याने दुसऱ्या तारेने खात्रीही करून घेतली आहे. ती ओक्साबोक्शी रडते आणि एकटीच वरच्या खोलीत जाऊन खिडकीशी बसते. बाहेर वसंतातली झाडे, पावसाचा वास, फेरीवाल्याची हाक. तिथे, ऐन दुःखात, एक भलतीच जाणीव तिच्याकडे येऊ लागते. ती परतवू पाहते. परतवता येत नाही. आपण मोकळ्या झालो! कालपर्यंत आयुष्य लांबेल या विचारानेच जिच्या अंगावर काटा येई, ती आता दीर्घायुष्य मागते. ती जिना उतरते, तोच ब्रेंटली घरात येतो. अपघात झाल्याचे त्याच्या गावीही नसते. ती जागीच मरण पावते, आणि डॉक्टर सांगतात की तिला आनंद सोसला नाही.

आता यातली अडचणीची गोष्ट. ब्रेंटली वाईट नाही. आपल्या भाषणांतला नवरा दारुडा असतो, मारकुटा असतो. त्याचा निषेध करणे सोपे. शोपँ ती सोय आपल्याला देत नाही. ब्रेंटलीने पत्नीकडे प्रेमानेच पाहिले आहे, आणि त्याचे निष्प्राण हात पाहून आपल्याला पुन्हा रडू येणार, हे तिलाही ठाऊक आहे. तिचेही त्याच्यावर प्रेम होते; कधी कधी. पुष्कळदा नव्हतेही. तिला सुटका हवी होती ती दुसऱ्याच्या इच्छेपुढे आपली इच्छा वाकवण्यापासून, मग वाकवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. ‘मी घरात कधी आवाज चढवत नाही’ हे प्रमाणपत्र मीही अनेक वर्षे खिशात बाळगले. ही कथा वाचल्यापासून ते दाखवायला संकोच वाटतो.

ही सुखवस्तू घरातली कथा आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. त्या घरातली भांडी कोण घासत होते ते कळत नाही. शोपँचा पती ऑस्कर तर १८७४ साली ‘व्हाइट लीग’ या गोऱ्यांच्या सशस्त्र संघटनेत होता, हेही लपवू नये. पण पत्नी आणि विधवा यांतले अंतर लेखिकेने अनुभवले होते. ती पाच वर्षांची असताना, १८५५ साली, वडील रेल्वेचा पूल कोसळून गेले. विधवा आईने पुनर्विवाह केला नाही. शोपँचा संसार लुइझियानात झाला. तिथल्या फ्रेंच वळणाच्या कायद्यात पत्नीला पतीच्या संमतीवाचून करार करता येत नसे. १८८२ साली ऑस्कर वारला, सहा मुले आणि कर्ज मागे ठेवून. त्यानंतर दुकानाचा कारभार तिनेच पाहिला. व्यवहाराचा जो अधिकार पत्नीला नव्हता, तो विधवेला मिळाला.

हे जुने झाले म्हणावे, तर त्याच लुइझियानात १९७४ साली एका गृहस्थाने पत्नीला न विचारता दोघांच्या मालकीचे घर गहाण टाकले, आणि कायदा त्याच्या बाजूचा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली १९८१ साली.

शेवटी एक बारकावा. कथेच्या आरंभी नायिका मिसेस मॅलर्ड आहे. तिचे लुईझ हे नाव आपण प्रथम ऐकतो ते ती मोकळी झाल्यावर, बंद दाराच्या किल्लीच्या भोकातून बहिणीने मारलेल्या हाकेत. मग ब्रेंटली आपल्याजवळच्या किल्लीने खालचे दार उघडतो. तो दिसू नये म्हणून स्नेही धावत आडवा येतो, आणि त्या वाक्यात लुईझ नाही. आहे ती फक्त ‘त्याची पत्नी’.