सांभाळणेही शिकावे लागते

(नवापूर तालुक्यात झालेल्या वार्षिक कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



बौद्धिक दिव्यांगांची सेवा आणि त्यासाठी लागणारे पदव्युत्तर प्रशिक्षण, असा विषय मला दिला आहे. काहींना वाटेल, हे शहरातल्या लोकांचे काम. आपल्या पाड्यावर मुले दहावीपर्यंत टिकत नाहीत, तिथे पदव्युत्तर कशाला? मीही अनेक वर्षे असेच म्हणत होते. माझ्याजवळ समाजकार्याची पदवी होती, थिऑलॉजीचा डिप्लोमा होता आणि माया होती. तेवढ्यावर भागेल असे वाटत होते. ते भागले नाही. कसे, ते आधी सांगते.

दहा वर्षांपूर्वी मी डोंगराकडच्या एका पाड्यावर गेले होते. एका घरात नऊ-दहा वर्षांचा मुलगा एकटाच बसलेला दिसला. त्याच्या कमरेला दोर होता आणि दोराचे दुसरे टोक घराच्या खांबाला बांधलेले होते. शेजारी ताटलीत भाकरी आणि तांब्यात पाणी. आईबाप मजुरीला गेले होते. मी रडले, दोर सोडला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. आई आल्यावर मी तिला नको नको ते बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

पुढे मी धावपळ केली. जिल्हा रुग्णालयातून दाखला काढला, दूरच्या शहरातल्या एका निवासी संस्थेत त्याला जागा मिळवली. आपल्याच पत्रकात त्याची बातमी छापून आली आणि मला पुष्कळ शाबासकी मिळाली.

आठ महिन्यांनी, गुजरातेतून ऊसतोडीवरून परत येताना, बाप त्याला भेटायला गेला आणि घरी घेऊन आला. मुलगा वाळला होता. जाताना तो मावचीतले पाच-सहा शब्द बोलत होता, आई, पाणी, शेळी असे. आता एकही बोलत नव्हता. तिथे मावची कोणालाच येत नव्हती. मी त्या संस्थेला दोष देत नाही. त्याला कोणते शब्द येतात हे पाठवणाऱ्या मीच लिहून दिले नव्हते, कारण मी ते विचारलेच नव्हते. आई मला एवढेच म्हणाली, "ताई, बांधलेला होता तेव्हा मला हाक तरी मारत होता." खांबाला पुन्हा दोर आला.

त्यानंतर बरीच वर्षे मी त्या घराच्या वाटेने जायचे टाळले. शेवटी चाळिसाव्या वर्षी, माझ्या मुलीच्या वयाच्या मुलामुलींबरोबर वर्गात बसून, मी एक वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तिथे काय मिळाले ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे विचारायला शिकले. बौद्धिक अक्षमता हा आजार नाही, गोळी देऊन ती जात नाही. पण तिच्याबरोबर येणाऱ्या काही गोष्टींवर उपचार असतात, आणि त्यात फेफरे हे मोठे. परत आल्यावर मी त्या आईपुढे बसले आणि विचारले, "बाई, दोर कशासाठी बांधता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. तिने मुलाची पाठ दाखवली. भाजल्याचा जुना डाग होता. लहानपणी झटका येऊन तो चुलीवर पडला होता. घरामागे बिनकठड्याची विहीर होती. आई कामाला गेली नाही तर घरात चूल पेटत नव्हती. मुलगा जिवंत राहावा म्हणून तो दोर होता, आणि मी तिला निर्दयी म्हटले होते. दाखल्याच्या धावपळीत मीच सारखी बोलत राहिले, झटक्यांचे सांगायला तिला संधीच दिली नाही. मग ग्रामीण रुग्णालयातून फेफऱ्याचे औषध सुरू केले. ते एक दिवसही चुकवायचे नाही, ऊसतोडीला जाताना पुरेसे बरोबर न्यायचे, हे घरात सर्वांना पटवले. झटके पुष्कळ कमी झाले. विहिरीला गावाने कठडा बांधला. त्यानंतरच दोर सुटला.

दुसरी गोष्ट म्हणजे पाहायला शिकले. बुद्ध्यांकाचा आकडा पाहून पुढे काय करायचे ते कळत नाही. माणूस स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, आपली गरज सांगतो का, धोका ओळखतो का, हे पाहावे लागते. त्यासाठी तयार याद्या असतात. मद्रासमध्ये तयार झालेल्या एका यादीत 18 क्षेत्रे आणि 360 कौशल्ये आहेत. अशा याद्या उपयोगी आहेत, पण शहरातल्या घरावरून बेतलेली यादी घेऊन पाड्यावर गेलो तर आपल्या मुलाला काहीच येत नाही असे दिसेल. नळ बंद करता येतो का? घरात नळच नाही. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, त्याच्या घरात दिवसभर जे चालते ते त्या यादीत भरा. मी तसे केले. तेव्हा कळले की मोहाची फुले वेचून पाचोळा बाजूला करणे त्याला येते. शेजाऱ्याच्या कळपात मिसळलेली आपली शेळी तो ओळखतो. मी दहा वर्षे त्याला काय येत नाही हेच मोजत होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जड गेली. हात मागे घ्यायला शिकावे लागले. पूर्वी मी गेले की त्याला घास भरवायची, सदरा घालून द्यायची. ही सेवा वाटायची. प्रशिक्षणात शिकवले की एक काम छोट्या पायऱ्यांत फोडायचे आणि काही कामांत शेवटच्या पायरीपासून सुरुवात करायची. सदरा डोक्यातून घाला, दोन्ही हात बाह्यांत घाला, आणि फक्त पोटावरून खाली ओढायचे काम त्याच्यावर सोडा. म्हणजे "झाले" हा आनंद दर वेळी त्याचा. ते जमले की त्याआधीची पायरी त्याच्यावर सोडायची. आधी हाताला हात धरून, मग नुसती खूण करून, मग फक्त सांगून, आणि शेवटी गप्प बसून. गप्प बसणे मला फार अवघड गेले. सदरा अंगात यायला चार महिने लागले. आई शेतातून येऊन रोज दहा मिनिटे देत होती. मी आठवड्यातून एकदा जात होते. म्हणजे शिकवले आईने, मी तिला वाट दाखवली.

आता तुम्ही विचाराल, हे तर सहा दिवसांच्या शिबिरातही सांगता येईल. काही भाग येईल, आणि शिबिरे आपण घेतलीच पाहिजेत. पण डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला दूध ओढता येत नाही, तेव्हा काय करायचे? सतरा वर्षांची मुलगी पाळीच्या दिवसांत घाबरून कपडे फाडते, तिला कसे समजवायचे? ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर अत्याचार झाला तर ते ओळखायचे कसे, पोक्सो कायद्याखाली तक्रार कशी करायची? आईला आलेल्या प्रत्येक अडचणीला शिबिराची वही पुरत नाही. पंचवीस-तीस पाड्यांत एक तरी माणूस असा हवा, ज्याला आशाताई, गुरुजी आणि आई येऊन विचारू शकतील. तोच याद्या आपल्या भाषेत करील, तोच इतरांना शिकवील. पदव्युत्तर प्रशिक्षण अशा एका माणसासाठी आहे.

कुठे जायचे तेही सांगते. सिकंदराबादला केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था 1984 पासून या कामात आहे. तिचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. शून्य वयापासूनच्या बाळांसाठी लवकर उपचार, ज्याला अर्ली इंटरव्हेन्शन म्हणतात, त्याची पदव्युत्तर पदविका या संस्थेत होते. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात विशेष शिक्षणाचा विभाग आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने अपंगत्व हा विषय समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात आणला. पात्रता प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, म्हणून आधी माहितीपत्रक वाचा. एक सावधगिरी घ्या. विशेष शिक्षक किंवा पुनर्वसनतज्ज्ञ म्हणून काम करायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ही परिषद 1992 च्या कायद्याने झाली आहे. अभ्यासक्रम तिच्या यादीत आहे का हे पाहिल्याशिवाय फीचा एक रुपयाही भरू नका.

कायदाही शिकावा लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि बौद्धिक अक्षमता त्यांत आहे. "मतिमंद" हा शब्द आता आपण सोडला पाहिजे. "येडा" तर आजपासूनच. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून, कायदेशीर पालक नेमता येतो. त्याच ट्रस्टची निरामय योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते. आपल्या मंडळीतल्या किती घरांना हे माहीत आहे? त्या आईला नव्हते. तिचा खरा प्रश्न सदऱ्याचा नव्हताच. "ताई, मी गेल्यावर याला कोण?" हा होता. त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण आज मुलाच्या चुलत भावाला घरातली औषधे, कागद आणि त्याच्या खुणा माहीत आहेत, आणि पालकत्वाचा अर्ज केलेला आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीला शरीराचे उदाहरण दिले, ते आपण अनेकदा वाचतो. दुबळा वाटणारा अवयवच गरजेचा, असे त्याचे म्हणणे. उपासनेत ते वाचताना मी मान डोलवायची, आणि त्याच वेळी तो मुलगा उपासनेत नको, आवाज करतो, असेही मला वाटायचे. आता तो मागच्या चटईवर बसतो. आवाज करतो. पाळकसाहेब थोडे मोठ्याने बोलतात.

शेवटी माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, प्रत्येक केंद्राने आपल्याच भागातला, मावची किंवा कोकणी बोलणारा, पदवी झालेला एक मुलगा किंवा मुलगी शोधावी. बाहेरून आणलेला माणूस दोन पावसाळे काढतो आणि जातो. दोन, त्याची फी आणि राहण्याचा खर्च मिशनने उचलावा, आणि परत आल्यावर त्याला पगार द्यावा. सेवा म्हणून फुकट राबवू नये. त्यालाही घर आहे. तीन, तो शिकून येईपर्यंत थांबू नका. आपल्या पाड्यावर अशी कोणती घरे आहेत ते आजच लिहून काढा. घरात गेल्यावर उपदेश करू नका. आईजवळ बसा आणि विचारा. मी जी वर्षे वाया घालवली ती तुमची जाऊ नयेत.

या वर्षीच्या प्रवेशासाठी दोन नावे तरी जेवणाच्या आधी माझ्या वहीत लिहून द्या. मी दाराशी उभी आहे.