तुरुंगात वाढलेली फुलपाखरं

आज जरा लांबची गोष्ट सांगते, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली. तिथल्या माळरानावर ‘टेलर्स चेकरस्पॉट’ नावाचं फुलपाखरू पुष्कळ दिसायचं. केशरी, काळं, पांढरं, चौकड्याचं लुगडं नेसल्यासारखं. मग माळावर शेती आली, घरं आली, उरलेल्या जागेत झुडपं माजली. दक्षिण प्युजेट साउंड भागात जुन्या माळाचे शंभरात तीन हिस्सेसुद्धा राहिले नाहीत. 2013 साली सरकारने हे फुलपाखरू संकटात असल्याचं जाहीर केलं.

जिथून ते नाहीसं झालं, तिथे पुन्हा वसवायचं तर आधी अळ्या हव्यात. त्या वाढवायचं काम 2011 साली मिशन क्रीक नावाच्या महिला तुरुंगात सुरू झालं. प्राणिसंग्रहालयाच्या लोकांनी शिकवलं आणि कैदी बायकांनी हरितगृहात ते चालवलं. अंडी जपायची, अळ्यांना ताजी पानं द्यायची, डबे स्वच्छ ठेवायचे आणि रोज सगळं लिहून ठेवायचं. पानं कसली, तर आपल्या इसबगोलाच्या जातभाईची! अळ्या उन्हाळ्यात खाणं सोडून निजतात, त्या थेट थंडी सरताना जाग्या होतात. तेवढे महिने त्यांना जिवंत ठेवणं हे खरं कसब. गटाची नोंदवही लिहायचा कंटाळा करणाऱ्या आपल्या काही जणींना हे मुद्दाम सांगतेय बरं का.

एका संशोधकाबरोबर त्यांनी प्रयोगही केला. फुलपाखराला अंडी घालायला कोणतं झाड आवडतं? इसबगोलाच्या जातभाईपेक्षा माळावरची मूळची ‘पेंटब्रश’ झाडं त्यांना जास्त पसंत पडली. आता माळावर काय लावायचं, हे त्यातून कळतं.

कारण नुसत्या अळ्या नेऊन सोडल्या तर त्या जगत नाहीत. माळ मोकळा हवा. पूर्वी तिथले आदिवासी कंदांसाठी माळ ठरवून जाळायचे, त्यामुळे झुडपं वाढत नसत. ते बंद पडलं. गंमत म्हणजे लष्करी तळावर तोफगोळ्यांनी आगी लागत राहिल्या आणि तिथला माळ बराचसा टिकला! आता झुडपं तोडतात, ठरवून जाळतात, रोपं लावतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला अळ्या सोडतात. एप्रिल-मेमध्ये ठरलेल्या वाटांनी चालत माणसं उडणारी फुलपाखरं मोजतात. आकडा घटला तर पुढच्या थंडीत पुन्हा अळ्या न्याव्या लागतात.