बी.सी.वाले उभे राहा

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

दोस्तहो,

सातवीत असताना मी एक गद्दारी केली. आज तिथनंच सुरुवात करतो.

वर्गात वस्तीतले आम्ही दोघंच. मी आणि मागच्या गल्लीतला माझा दोस्त. आधी एका बाकावर बसायचो. मग मी वर्गातल्या क्रिकेट टीममध्ये शिरलो आणि बाक बदलला. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कळायची नाही. कुठं राहतोस विचारलं की स्टेशनचं नाव सांगायचो, वस्तीचं नाही. रबरी बॉल माझ्या पैशाचा, बॅटिंग सगळ्यात शेवटी, फिल्डिंग भर उन्हात. तरी आपण खूष! कारण मधल्या सुटीत ते म्हणायचे, ‘चल रे.’ ह्या दोन शब्दांसाठी पोर काय काय विकतं, ते विकलेल्यालाच विचारा.

एक दिवस मास्तर स्कॉलरशिपचे फॉर्म घेऊन आले. नवे होते. कॅटलॉग बघायची तसदी कोण घेतो? म्हणाले, ‘बी.सी.वाले उभे राहा.’

दोस्त उभा राहिला. मी बसून. मान खाली घालून वहीत समास आखत होतो. वर्ग त्याच्याकडं बघून हसला. त्यानं माझं नाव सांगितलं नाही. घरी आईनं विचारलं, ‘फॉर्म भरलास का रं?’ म्हटलं, ‘संपले.’ त्या वर्षीचा खर्च तिनं आणखी दोन घरची भांडी धरून भागवला.

टीमनं मला घेतलं होतं का? त्यांनी घेतला तो दुसराच कुणीतरी. मी तर बाहेरच उभा होतो.

शहाणे म्हणतात, ह्या पोरांना न्यूनगंड असतो. न्यूनगंड काय आईच्या दुधातनं येतो? अमेरिकेत १९४० च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क ह्या काळ्या जोडप्यानं काळ्या पोरांपुढं गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कुठली? बहुतेकांनी गोरीकडं बोट केलं. तुझ्यासारखी कुठली? ह्या प्रश्नाला काही पोरं रडली. १९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं शाळांमधली वेगळी बसवणूक बेकायदा ठरवली, तेव्हा अशा संशोधनाचा आधार घेतला.

आपल्याला बाहुल्यांची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत छोटा भीमराव घरनं आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. शिपायानं नळ सोडला तरच पाणी. पुढं मुंबईच्या हायस्कुलात मास्तरांनी फळ्याकडं बोलावलं, तर पोरं धावली ती फळ्यामागचे आपले डबे उचलायला! त्या पोरांना हे कुणी शिकवलं? घरानं. आज गोणपाट गेलं. आता विचारतात, ‘पूर्ण नाव सांग. कॅटेगरी कुठली?’

मग करायचं काय? १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं, ते १९६६ साली ओकलंडमध्ये उभ्या राहिलेल्या ब्लॅक पँथरवरून. त्यांच्या बंदुकांचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. पण १९६९ पासून ते शाळेआधी पोरांना फुकट न्याहारी घालत होते, हे किती जणांना ठाऊक आहे? तिथं जेवायला बसण्याआधी पोराला काही लपवावं लागत नव्हतं.

आपणही रोज संध्याकाळी पोरं जमवा. अभ्यास घ्या, टीम बांधा. बॉल सगळ्यांचा, बॅटिंग पाळीपाळीनं. पालकसभेला आईला एकटी धाडू नका, आपल्यातला एक सोबत जाऊ दे. आणि वर्गात उभं करणाऱ्या मास्तराला विचारा, फॉर्म ऑफिसात गुपचूप देता येत नाही काय?

दोस्तानं दहावीआधीच शाळा सोडली, कामाला लागला. मी माफी मागायला गेलो तोवर आम्ही दोघं बाप झालो होतो. त्यानं चहा मागवला. म्हणाला, ‘तू बसलास, ते चाललं असतं रे. पण मला वाटलं, निदान माझ्याकडं बघशील.’

आपलं पोर कुठल्याशा वर्गात आत्ता एकटं उभं असेल. मान वर करा.

जय भीम!