मैदान सोडल्यानंतर

बंगळूरच्या चिकपेटेतील एखाद्या जुन्या कापडदुकानात गादीवर बसलेला मालक पुष्कळदा एके काळी हाती गज घेऊन कापड मोजीत उभा राहिलेला असतो. गिऱ्हाइकाची नजर कोणत्या पदरावर खिळली आहे, हे त्याला वहीवरून शिकावे लागत नाही. फुटबॉल संघाचा प्रशिक्षक हाही बहुधा असाच, खेळता खेळता पाय थकले म्हणून कडेला येऊन उभा राहिलेला मनुष्य. भेद एवढाच की, मालकाला अडीअडचणीला पुन्हा गज उचलता येतो. प्रशिक्षकाला मात्र चेंडूला पाय लावण्याची सोय नाही. जे काही करावयाचे ते दुसऱ्यांच्या पायांनी.

खरे म्हणजे या शहरात फुटबॉल पेटेत रुजला नाही. तो रुजला गोऱ्या पलटणींच्या छावणीत. परंतु शहराने तो असा आपलासा केला की, १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला. तो जिंकणारा तो पहिला हिंदी संघ होय. मुंबई आणि बंगळूर यांचा हा धागा ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा जुळला. मुंबईच्या मैदानांवर घडलेले खालिद जमील हे भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी आपले पहिले शिबिर बंगळुरात भरविले.

जमील यांचा जन्म १९७७ मध्ये कुवेत येथे झाला. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफ. सी. या संघांतून ते मधल्या फळीत खेळले. भारताकडूनही खेळले, पण त्यांच्या नावाने प्रेक्षागृह दुमदुमावे, असे काही घडले नाही. दुखापतींनी खेळ थांबविला आणि २००९ मध्ये त्याच मुंबई संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. पुढे सात हंगाम त्यांनी तो संघ सांभाळला. या काळात विजेतेपद एकदाही मिळाले नाही. मात्र संघ खालच्या श्रेणीतही कधी घसरला नाही. ज्या कामगिरीचा चषक नसतो, तिची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही.

ती नोंद पुढच्याच हंगामात आपोआप झाली. जमील ऐजॉलला गेले. मिझोरामचा हा संघ आधीच्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळेच त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. अशा संघाने एप्रिल २०१७ मध्ये मोहन बागानला १–० असे हरविले, शिलाँगला शेवटचा सामना १–१ असा बरोबरीत सोडविला आणि सदतीस गुणांनी आय-लीग जिंकली. बागानचे गुण होते छत्तीस. ईशान्येकडे हा मान प्रथमच गेला. आणि इकडे, त्याच हंगामात, जमील यांनी सोडलेला मुंबई एफ. सी. तळाशी जाऊन खालच्या श्रेणीत उतरला.

यानंतर ईस्ट बंगाल झाले, मोहन बागान झाले. नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये २०२१ च्या आरंभी त्यांना नेमले ते हंगामी म्हणून. संघ उपांत्य फेरीत पोहोचला तेव्हा कोठे कायमची नेमणूक झाली. इंडियन सुपर लीगमध्ये असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. परदेशी माणसाला जे आधी मिळते, ते देशी माणसाला सिद्ध करून मागावे लागते, हा आपल्याकडचा रिवाजच म्हणावयाचा. पुढे ते एक पायरी उतरून बंगळूर युनायटेड या दुसऱ्या श्रेणीच्या संघाकडेही आले, आणि तेथून जमशेदपूरला. २०१२ मध्ये साव्हिओ मदेरा यांच्यानंतर राष्ट्रीय संघ पूर्णवेळ भारतीयाकडे सोपविला गेला तो तेरा वर्षांनी.

आरंभ चांगला झाला. मध्य आशियातील स्पर्धेत ताजिकिस्तानला २–१ असे हरवून आणि शेवटी ओमानवर पेनल्टींत मात करून भारताने तिसरे स्थान मिळविले. मग आली आशियाई चषकाची पात्रता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावला, घरच्या मैदानावर, भारताने आधी गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरने तो फेडला आणि उत्तरार्धात दुसरा चढविला. आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये संघ ढाक्याला गेला तेव्हा पात्रतेचा प्रश्न उरलाच नव्हता. तेथेही भारत एका गोलाने हरला.