परसदारचा दिवा

अमरावती-अकोल्याकडील जुन्या वस्तींत घरांची मांडणी पुष्कळशी एकसारखी आढळते. पुढें ओसरी, मध्यें माजघर आणि मागें लांबच लांब सांदवाडी. तिच्यांत विहीर, न्हाणी, सरपणाची रास, एखादें कडुलिंबाचें झाड आणि अगदीं टोंकाला शौचकूप. अकोला जिल्ह्यांतील पारस येथें १९६१ सालीं वीज-केंद्र सुरू झालें. आज घराघरांत दिवे लखलखतात. परंतु त्यांचा उजेड मागच्या उंबरठ्याशींच थबकतो, आणि परस पूर्वीसारखेंच काळोखांत राहतें.

हा काळोख नुसता गैरसोयीचा नव्हे. सरपणाखालीं विंचू दडलेला असतो. मण्यार ही अत्यंत विषारी सर्पजात रात्रींच हिंडते, आणि तिच्या दंशानें वेदना इतक्या अल्प होतात कीं, दंश झाल्याचें पुष्कळदां कळतहि नाहीं. श्रावणांतल्या मध्यरात्रीं घरांतील आजीबाई उठून न्हाणीकडे निघाल्या, म्हणजे त्यांच्या पावलापुढची हातभर जमीन दिसणें हा जिवाचा प्रश्न होऊन बसतो.

पूर्वीं हें काम कंदील करीत असे. त्याचा प्रकाश मंद, कांच काजळणारी, घासलेटाचा वास नकोसा. तरी त्याच्या अंगीं एक मोठा गुण होता. तो माणसाबरोबर चालत असे आणि हातांत खालीं लोंबत असल्यामुळें त्याचा उजेड नेमका पायांपाशीं पडे. परसांत नवा दिवा लावणारानें हा गुण ध्यानांत ठेवावा.

पुष्कळांना पहिला उपाय सुचतो तो घरांतून तार ओढण्याचा. कपडे वाळत घालण्याच्या तारेलाच ती गुंडाळली जाते. वऱ्हाडच्या उन्हानें तारेवरचें वेष्टण तडकतें, पुढें पाऊस येतो आणि ओलें लुगडें टाकावयास गेलेला हात २३० व्होल्टच्या विजेला लागतो. ही तार जाणत्या कारागिराकडून नळींत घालून जमिनीखालून न्यावी. तें शक्य नसेल तर ती ओढूंच नये.

दुसरा उपाय माथ्यावरच आहे. दिवसाचें ऊन सांठवून रात्रीं वापरणें आतां कठीण राहिलेलें नाहीं. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडी दिव्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच शोधामुळें अल्प विजेंत शुभ्र उजेड देणारे दिवे शक्य झाले. आज एक वॅटचा असा दिवा कंदिलाइतका तरी उजेड देतो.

हिशेब सोपा आहे. एकेक वॅटचे तीन दिवे दहा तास तेवले तर ३० वॅट-तास वीज लागते. निरभ्र दिवशीं १० वॅटचें सोलर पॅनेल, सर्व घट वजा जातां, साधारण तेवढी वीज देतें. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरींत ८४ वॅट-तास मावतात. परंतु तिच्यांतून निम्म्याहून अधिक वीज उपसूं नये. म्हणजे झडीच्या दिवसांत तीन दिवे जेमतेम एक रात्र पुरतील. एकच ठेवला तर चार रात्री निभावतील. पॅनेल व बॅटरी यांच्यामध्यें चार्ज कंट्रोलर अवश्य असावा.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारें २१ अंशांच्या उतारानें बसवावें. या दोन्ही शहरांचे अक्षांश जवळजवळ तेवढेच आहेत. कडुलिंबाची सावली त्याच्या एका कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते. ऊन जितकें कडक तितकी वीज अधिक, ही समजूतहि चुकीची आहे. विजेला सूर्याचा प्रकाश हवा असतो, ताप नव्हे. वैशाखांत पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलें तर सुमारें १६ टक्के वीज कमी मिळते. धूळ पहांटे, कांच थंड असतांना, ओल्या फडक्यानें पुसावी. बॅटरी सावलींत व हवेशीर जागीं ठेवावी.

आतां दिव्यांची जागा. उंच खांबावर एकच प्रखर दिवा लावला तर रांजणामागें व सरपणामागें दाट सावली पडते, आणि विंचवाला तीच हवी असते. त्यापेक्षां गुडघाभर उंचीवर, खालीं तोंड केलेले तीन लहान दिवे लावावे: एक उंबरठ्याशीं, एक विहिरीपाशीं, एक वाटेच्या शेवटीं. त्यांचा रंग पिवळसर असावा. शुभ्र प्रकाशाकडे किडे अधिक येतात, किड्यांमागें बेडूक आणि बेडकांमागें साप.

एवढें करूनहि हातांत विजेरी व पायांत वहाणा असाव्याच, आणि सरपणाची रास वाटेपासून दूर हलवावी. खर्चाला आवर घालावयाचा असेल तर पहिल्या वर्षीं एकच दिवा घ्यावा व तो न्हाणीच्या वाटेवर लावावा. आजीबाईंचें पाऊल रात्रीं पडतें तें तेथेंच.