अडून बसणारी जीप

जोयडा तालुक्यातील एखाद्या वाडीत जुनी लष्करी जीप कोठे उभी केली आहे एवढे पाहिले, तरी तिच्या प्रकृतीची कल्पना येते. अंगणात उभी असेल तर ती धडधाकट. उताराच्या कडेला, तोंड खाली करून उभी असेल, तर तिचा सेल्फ भरवशाचा नाही असे खुशाल समजावे. उतारावरून ढकलून गाडी चालू करण्याची ही युक्ती उन्हाळ्यात चालून जाते. पण आषाढातल्या रात्री चिखलात चाक धरत नाही आणि घरातल्या आजारी माणसाला दांडेलीस पोहोचवावयाचे असते, तेव्हा तीच युक्ती अंगाशी येते.

या मुलखाला लष्करी गाडीचे अप्रूप नाही. जोयडा तालुका पूर्वी सुपे तालुका म्हणून ओळखला जाई. ते सुपे गाव आता काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात बुडालेले आहे. याच तालुक्यातील अनमोडहून रस्ता घाटाने गोव्यात उतरतो. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेनेची ६३ वी पायदळ ब्रिगेड पूर्वेकडून गोव्यात शिरली, ती घाटाखालच्या मोले गावावरून फोंड्याकडे गेली. मात्र येथे विचार करावयाचा तो त्याहूनही जुन्या, दुसऱ्या महायुद्धातील जीपचा. अमेरिकेत विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येक भारतातच विकल्या गेल्या आणि हातोहात फिरत राहिल्या.

तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, साठ अश्वशक्तीचे आणि मोठे चिवट. पण विजेची व्यवस्था मात्र सहा व्होल्टची, आणि सारी मेख येथेच आहे. जड इंजिन फिरविण्यास लागणारी शक्ती ठरलेली असते. व्होल्ट निम्मे झाले की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दुप्पट लागतो. सेल्फ मारताना सहा व्होल्टच्या बॅटरीतून दोनशे अँपिअर प्रवाह निघाला आणि वाटेत एखाद्या गंजलेल्या जोडापाशी ओहमच्या अवघ्या दोनशेव्या हिश्शाइतका अडथळा असला, तर एक व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. म्हणजे सहातला एक गेला. बारा व्होल्टच्या गाडीत तोच अडथळा अर्धाच व्होल्ट खाईल. म्हणजे चोविसातला एक. नव्या गाडीत जो गंज कोणाच्या लक्षातही येत नाही, तो या गाडीला जागीच बसवितो.

असे झाले की पहिला आळ येतो बॅटरीवर. इंजिन ‘हूं, हूं’ करून थांबते, मालक नवी बॅटरी आणतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणे. खरे पाहता बॅटरीकडून सेल्फकडे जाणाऱ्या वाटेइतकीच परतीची वाटही महत्त्वाची आहे, आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाही. या जीपमध्ये बॅटरीचा ऋण ध्रुव चासीला जोडलेला असतो. पण इंजिन बसलेले असते रबराच्या तक्क्यांवर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन व चासी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी दिलेली असते. इंजिन कधीतरी उतरविले जाते, परत चढविताना ती पट्टी क्षुल्लक म्हणून बाजूला पडते, किंवा तिची निम्मी तार तुटलेली असते. मग प्रवाह दुसरी वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर चोकची तार हाताला गरम लागली, तर तो प्रवाह त्या बिचाऱ्या तारेतून परत फिरत आहे असे समजावे. हौसेने जुनी जीप नव्यासारखी करणारेही येथेच फसतात: चासीला सुंदर हिरवा रंग चढतो आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच आवळली जाते.

दोष कोठे आहे हे ओळखण्यास प्रथम हँडल हाती घ्यावे. गिअर न्यूट्रलमध्ये असावा, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. उलटा झटका बसला तर मनगट मोडते. सेल्फला दाद न देणारे इंजिन हँडलच्या दोन फेऱ्यांत लागले, तर प्लग, पॉइंट आणि पेट्रोल निर्दोष ठरतात. सेल्फ सगळी वीज ओढतो तेव्हा कॉईलच्या वाट्यास फार थोडे व्होल्ट उरतात, म्हणून ठिणगी दुबळी पडते, इतकेच. हँडलनेही ते लागले नाही तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावे. जंगलातल्या धुक्यात आणि पावसात तेथे दमट थर बसतो. पॉइंटमधील फट इंचाच्या वीस सहस्रांशांइतकी हवी.

पुढची परीक्षा साध्या व्होल्टमीटरची. कॉईलकडून डिस्ट्रिब्यूटरच्या मध्यभागी येणारी जाड तार काढून इंजिनाच्या धातूला टेकवावी, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मग एकाने सेल्फचे पायाशी असलेले बटण दाबावे आणि दुसऱ्याने काटा पाहावा. बॅटरीच्या दोन ध्रुवांमध्ये पाच व्होल्टच्या आसपास टिकून असतील तर बॅटरी निर्दोष. नंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण ध्रुवावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावे. येथे काटा जवळजवळ शून्यावर राहावयास हवा. अर्धा-पाऊण व्होल्ट दाखवू लागला तर चोर सापडला. धन ध्रुव व सेल्फ यांच्यामध्येही असेच पाहावे. तिकडे पायाचे बटण आतून जळालेले असते, किंवा कोणीतरी बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल घातलेली असते. या जीपला करंगळीइतकी जाड केबलच हवी.

बारा व्होल्टची बॅटरी बसवून मोकळे होण्याचा सल्ला गॅरेजात हटकून मिळतो. इंजिन त्याने गरगर फिरते हे खरे; पण दिवे जळतात, सेल्फच्या दात्यांवर धक्के बसतात, आणि मूळचा गंज आहे तिथेच राहतो. त्यापेक्षा अर्थचा बोल्ट सोडावा, पट्टीचे टोक आणि चासीवरील जागा काचकागदाने लखलखीत होईपर्यंत घासावी, दातेरी वॉशर घालून आवळावे आणि मग वरून ग्रीस फासावे. पट्टी तुटकी असेल तर नवी घालावी. बॅटरीच्या केबली सोडताना अर्थची आधी काढावी आणि ती शेवटी जोडावी. हे काम मृगापूर्वी, एका सकाळी उरकते.